फायलींच्या नाळा

साळवी सिस्टरांनी आयुष्यात कुणाला आडनाव विचारलं नसेल. त्या विचारायच्या, "आई कुठची तुजी?" एसटीत शेजारी बसलेल्या बाईला, बाजारात वालाच्या शेंगा विकणाऱ्या म्हातारीला, बँकेच्या खिडकीतल्या कारकुनाला, सगळ्यांना हा एकच प्रश्न. कारकून गोंधळून म्हणाला, "आई घरी आहे," तर ह्या म्हणायच्या, "घरी हाय ते कळलं रे, माहेर कुठलं तिचं?" मागे रांग खोळंबलेली आणि ह्यांची स्लिप ह्यांच्याच हातात.

मलाही त्यांनी पहिल्या दिवशी हेच विचारलं आणि मी चिडले. अर्थात तेव्हा मी सगळ्यांवरच चिडलेली असायचे. २००१ साल असेल. महाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशिनं, त्यातली दोन चालायची. सकाळी मुलांना शिकवायचं, दुपारी लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं छापायची. नवरा औद्योगिक वसाहतीत शिफ्टला, मधूनमधून लाईट गेलेले, आणि एका बाजूला सासूबाईंचा निरोप की दळण आणायचं राहिलंय. अशा एका दुपारी साठीची एक ठेंगणी बाई दारात उभी राहिली. पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. "कॉम्पुटर शिकाया आलेय," म्हणाली. मी म्हटलं, नाव सांगा, फॉर्म भरते. तर म्हणे, "आदी तू सांग, आई कुठची तुजी?"

"त्याचा काय संबंध?" मी म्हटलं.

"संबंधच तर बगायचाय गो," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून चौदा वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

त्या दासगावच्या बौद्धवाडीतल्या. एकतीस वर्षं सरकारी नर्स होत्या, सगळी नोकरी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये आणि वरंधच्या बाजूला. गाडीरस्ता जिथे संपायचा तिथून ह्यांची ड्यूटी सुरू व्हायची. डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांत गुरं जास्त आणि माणसं कमी. तिथे त्या चालत जायच्या, बाळंतपणं करायच्या, सुया टोचायच्या आणि प्रत्येक जन्म स्वतःच्या वहीत लिहायच्या. सरकारी रजिस्टर वेगळं, ही वही वेगळी. त्यात बाईचं माहेर, तिच्या आईचं माहेर, बाईच्या अंगावरची खूण, मागच्या खेपेला काय झालं, पोराचं पुढे काय झालं, सगळं असायचं.

सुरुवातीच्या वर्षांत वरच्या वाड्यांत त्यांना प्यायला पाणी हवं असलं तर ओंजळ धरावी लागे आणि घरातली बाई वरून ओतायची. हे त्या हसत सांगायच्या आणि ते हसणं ऐकून माझं डोकं फिरायचं. "पानी वरनं वततील," त्या म्हणायच्या, "पर पोर पयलं माज्याच हातात येतंय. मंग आता कोन बाटलं सांग." मी म्हणायचे, तुम्ही तोंडावर का नाही बोललात? त्या म्हणायच्या, "बाई कळा देत असते तवा भांडायची नसती."

तिसऱ्या दिवशी त्यांनी खरं काम सांगितलं. त्यांच्या नोकरीत तीन मुलगे रक्त जाऊन मेले होते. एक दोन वर्षांचा, उंबऱ्यावर पडला, जीभ चावली गेली आणि तीन दिवस रक्त थांबलं नाही. दुसरा सात वर्षांचा, त्याचा दात पडला, एवढंच निमित्त. तिसऱ्याचे गुडघे सारखे सुजायचे, लोक वात म्हणायचे, आणि एक दिवस तो पेरूच्या झाडावरून पडला. तीन गावं, तीन घराणी. रजिस्टरात पहिल्यापुढे अपघात लिहिलं, दुसऱ्यापुढे दात, तिसऱ्यापुढे पुन्हा अपघात. पहिल्या मुलाला आठवडाभर आधी सिस्टरांनी लस टोचली होती, म्हणून गाव म्हणालं, सिस्टरच्या सुईनं रक्त पातळ झालं. आणि त्याच्या आईला सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी आणून सोडली. ती परत नांदायला गेली नाही.

"मी तवाच सायबाला बोलले," सिस्टर म्हणाल्या, "ही पोरं येकमेकांची कायतरी लागत्यात. सायेब बोलला, सिस्टर, तीन गावं, तीन आडनावं, संबंध काय? माज्या ध्यानात व्हतं गो. पर दाकवता आलं नाय."

"मग आता कशाला?" मी विचारलं. माझा स्वभावच असा, पटकन बोलून मोकळी होते.

"त्या घरांत अजून पोरं हायत," त्या म्हणाल्या. "आनि मुली द्यायच्या हायत."

मग आमचं भांडण सुरू झालं ते वर्षभर चाललं. मी त्यांना एक्सेल शिकवायला घेतलं. सुंदर तक्ता केला. अनुक्रमांक, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख. माझ्या मते ते अगदी शिस्तीचं काम होतं. सिस्टरांनी चष्मा वर करून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर सरकारी रजिस्टरच झालं. ह्यात मानूस बसतंय, नातं कुटं बसतंय?" मी म्हटलं, अहो, तक्ता असाच असतो. "मंग तक्ता नको."

शेवटी त्यांनी त्यांचंच चालवलं. एका जन्माची एक फाईल. फाईलला नाव आईचं. मी ओरडायचे की अहो, तीन सुनीता आहेत, चार पार्वती आहेत, गोंधळ होईल. त्या म्हणायच्या, "सुनीता भोकरवाडीची, सुनीता सातपान्याची, असं लिव. मानसांत गोंधळ व्हत नाय, मशिनीत कसा व्हईल?" एका बोटाने टाईप करायच्या. 'ळ' सापडला नाही की सगळा क्लास ऐकेल अशी त्या 'ळ'ला शिवी घालायच्या. दुपारी माझ्या हाताला काम नसलं की मीही टाईप करू लागायचे आणि चुकीची वेलांटी दिसली की त्या माझ्या हातावर चापटी मारायच्या. फायली चारशेच्या वर गेल्या.

त्याच दिवसांत मी मोठ्या मुलांना वेबपेज करायला शिकवत होते. सिस्टर मागे बसून बघत होत्या. "ते निळं काय गो?"

"लिंक. दाबलं की दुसरं पान उघडतं."

"म्हंजे नाळ," त्या म्हणाल्या.

मुलं हसली. मीही हसले. पण त्यांनी त्या दिवसापासून दुसरा शब्द वापरलाच नाही. शेजारी बसायच्या आणि सांगायच्या, "हितं नाळ जोड. ही तिची लेक. हितं पन जोड, ही तिची भईन." प्रत्येक फाईलमध्ये आईच्या नावावर निळी अक्षरं आली. दाबलं की तिची आई, मग तिची आई. पण एका वेळी एकच पान दिसायचं. पाच पानं पुढे गेलं की आपण कुठून निघालो ते विसरायला व्हायचं. एक दिवस सिस्टरांनी माउस आपटला. "ह्या खिडकीतनं येकच तोंड दिसतंय. मला अख्खी आळी येका नजरंत दिसाया पायजे."

मी लग्नपत्रिका ज्या प्रोग्रॅममध्ये काढायचे त्याच्यात एक मोठं पान उघडलं. प्रत्येक फाईलची एक छोटी चौकट केली आणि नाळ जिथे असेल तिथे रेघ. ज्या मुलांचं रक्त थांबत नव्हतं त्यांच्या चौकटी लाल. आता वहीतून शोधून काढल्यावर लाल नुसत्या तीन नव्हत्या, बायांनी सांगितलेली आधी गेलेली पोरं धरून नऊ निघाल्या. मी त्या गावाप्रमाणे आणि बापाच्या घराप्रमाणे नीट लावल्या. लाल चौकटी पानभर विखुरल्या. काही म्हणजे काही दिसेना.

"दिसत नाहीये काही," मी म्हटलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"बापावर लावलीस म्हून दिसत नाय," त्या म्हणाल्या. "आयांवर लाव."

मी सगळं उचकटून परत लावलं. आठ दिवस गेले. माझ्या दोन पत्रिका उशिरा झाल्या आणि लोक येऊन बोलून गेले. पण लाल चौकटी हळूहळू सरकत दोन जागी गोळा झाल्या. पाच एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, आणि मधे मोकळं पान. सिस्टर त्या मोकळ्या जागेकडे बघत बसायच्या. चहा गार व्हायचा.

आणि मग त्यांना आमच्याकडची एक रीत आठवली, जी आम्हा दोघींनाही पहिल्या दिवसापासून माहीत होती. पहिलं बाळंतपण माहेरी. दुसरं सासरी. माहेरी बाईचं नाव माहेरचं आणि सासरी लग्नात बदललेलं. म्हणजे एकाच बाईच्या आमच्याकडे दोन फायली असणार, दोन नावांच्या, दोन गावांच्या, आणि आम्ही त्या दोन बाया समजून चाललो होतो. मी तर डोक्यालाच हात लावला. मी स्वतः माहेरची मंगल आणि सासरची मृदुला. माझं नाव लग्नाच्या दिवशी तांदळात अंगठीने लिहून बदललं, मला न विचारता, आणि त्याचा राग माझ्या मनात आजही आहे. पण मशीनसमोर बसल्यावर हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

सिस्टरांनी वह्या परत काढल्या. भोकरवाडीची तुळसा, पहिली खेप, मुलगी, खूण: उजव्या कानाची पाळी फाटलेली. सातपाण्याची शोभा, दुसरी खेप, मुलगा, खूण: उजव्या कानाची पाळी फाटलेली. दोन्ही ओळी त्यांच्याच हातच्या, दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या वह्यांत. "माजीच येडीची चूक," त्या म्हणाल्या. "ह्या कानाला मी हळद लावलेली गो."

मी दोन चौकटींची एक केली. ते दोन पुंजके एकमेकांना जोडले गेले. तुळसाची आई ही पलीकडच्या पुंजक्यातल्या आजीची धाकटी बहीण. सगळ्या नऊ लाल चौकटी वर चढत चढत एका बाईपाशी जाऊन थांबल्या. ती कधीच वारलेली, तिच्या लेकी चार गावांत दिलेल्या, लेकींच्या लेकी आणखी सहा गावांत. आजार पोरींच्या हातून जात होता आणि पोरग्यांच्या अंगात दिसत होता, आणि सरकारी कागदात पोरींचा मागच नव्हता. मी पान पन्नास कागदांवर छापलं, चिकटवलं आणि क्लासच्या फरशीवर पसरलं. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या आणि एकेका लाल चौकटीवर बोट ठेवून त्या मुलाचं नाव घेतलं. मग रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

त्या कागदावर ह्याच घरांतल्या लेकींची, हाच धोका असलेली जिवंत मुलंही होती. तीन. सिस्टर दुसऱ्या दिवशी चौकशीला निघाल्या तर कळलं की त्यातला एक, सुरेखा नावाच्या बाईचा सहा वर्षांचा मुलगा, महाडमध्येच एका खासगी दवाखान्यात दाखल आहे. हर्नियाचं ऑपरेशन, अकरा वाजता. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. मी शटर ओढलं आणि कागदाची गुंडाळी काखेत मारून त्यांच्या मागे धावले.

डॉक्टर तरुण होता, हुशारही असेल. त्याने कागदाचं एक टोक उलगडलं आणि हसला. "हा काय सोयरिकीचा तक्ता आहे का, मावशी? कॉम्प्युटरवर काढलं म्हणून खरं होत नाही."

"मावशी नको म्हनू. सिस्टर म्हन," त्या म्हणाल्या. "आनि कागद बगू नको. पोराचं रक्त नळीत धर आनि कितीसा येळ गोठाया लागतंय ते बग. दहा-पंदरा मिंटांचं काम हाय."

तो म्हणाला, माझी यादी भरलेली आहे. मुलाचा बाप म्हणाला, आमच्या घराण्यात असलं काही नाही, ह्या बाईला बाहेर काढा. नर्सेस एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा साळवी सिस्टर ऑपरेशनच्या खोलीच्या दारात, उंबऱ्यावर, फतकल मारून बसल्या. पांढरी साडी गुडघ्यांखाली नीट खोचली आणि म्हणाल्या, "मला वलांडून ने पोराला."

मी त्या डॉक्टरला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. माझ्या बोलण्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सुरेखाच्या एका वाक्याचा. ती भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "माजा भाऊ असाच गेलेला. दातानं."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्याला हे माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरने नळी घेतली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. नळी वाकडी केली की रक्त पाण्यासारखं वाहत होतं. डॉक्टरने हातमोजे काढले आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहिली. तिथे महिनाभराने आजाराला नाव मिळालं, हिमोफिलिया. मुलगा वाचला. आता तो मोठा झाला असेल.

पुढे सहा महिन्यांनी एका आरोग्य शिबिरात हाच डॉक्टर माईकवर म्हणाला, "आम्हाला वेळीच शंका आली म्हणून बालकाचे प्राण वाचले." मी उठायला लागले. सिस्टरांनी माझा पदर धरून खाली बसवलं. "बोलू दे त्याला. पोर जितं हाय ना?" त्यांना ते पुरत होतं. मला पुरलं नाही. अजूनही पुरत नाही. ज्याला वर्षभराचं काम एका नजरेत दिसत होतं आणि ज्याने ते हसून गुंडाळलं त्याने निदान नाव तरी घ्यावं.

पण डॉक्टरवर मी किती ओरडू? त्याच्याहून मोठी चूक माझी. ती सांगायची मला लाज वाटते, आणि न सांगता सिस्टरांबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

पानाच्या कडेला अजून लग्न न झालेल्या चार मुली होत्या. काम नीटनेटकं दिसावं म्हणून मी त्या चौघींच्या खाली एकेक रिकामी चौकट काढली आणि आत प्रश्नचिन्ह घातलं. पुढचं अजून कळायचं आहे, एवढाच माझा अर्थ. आणि त्या पानाची एक छोटी प्रत, रंग बरोबर येतात का बघायला काढलेली, माझ्या काउंटरवर काचेखाली तशीच राहिली. माझ्या काउंटरवर कोण येतं? लग्नपत्रिका छापायला येणारे. बाकावर बसलेल्या माणसांना वाचायला काहीतरी लागतं. आणि नावं, गावं, त्यांना जोडणाऱ्या रेघा म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस दुसरं काय समजणार? डॉक्टर निदान थट्टेत म्हणाला होता, लोकांनी तो खरोखरच सोयरिकीचा तक्ता म्हणून वाचला. कुठली मुलगी करायची नाही ह्याचा तक्ता.

कल्पनाच्या लग्नाची पत्रिका मीच छापत होते. मजकूर लावून झाला होता. नवऱ्यामुलाचे काका आले आणि म्हणाले, "थांबवा. जमत नाही." मी विचारलं, का हो? त्यांनी काचेवर बोट ठेवलं. बोटाखाली कल्पना होती आणि तिच्याखाली माझं प्रश्नचिन्ह.

दुसऱ्या दिवशी कल्पना स्वतः आली. वीस-एकवीस वर्षांची. "माझं नाव काढा," म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर." मी काचेखालचा कागद फाडला, मशीनमधली तिची चौकट काढली, रेघ काढली, फाईलही काढली. मशीनमधली कचऱ्याची टोपली रिकामी होईपर्यंत ती स्क्रीनसमोरून हलली नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं आमची नावं लिहायला?" एवढं विचारून गेली.

सिस्टरांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं त्या मारतील. त्या मारत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "नाळ जोडलेली असती तशी कापायची पन असती गो. कुटं कापायची ते कळाया पायजे. चूक तुजी नाय, माजी. मी तुला जोडाया शिकवली, कापाया नाय." माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली ह्याचाही मला रागच आला.

त्यानंतर त्यांनी सगळ्या नावांच्या जागी आकडे घालून घेतले. कोणता आकडा कोण ते त्यांच्या चौदाव्या वहीच्या शेवटच्या पानावर. आणि मोठा कागद घरी ठेवून, मोकळ्या हातांनी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्या परत वाड्यावाड्यांवर चालत गेल्या. प्रत्येक बाईला चुलीपाशी बसवून, दार ओढून, एकटीला सांगितलं. मुलगा झाला तर काय बघायचं, कुठली सुई द्यायची नाही, दात पडला तर कुठे न्यायचं. "हे तुजं हाय," त्या सांगायच्या, "सांगायचं का लपवायचं ते तू ठरव. पर तुला म्हायती पायजे." पुष्कळ जणींनी शिव्या दिल्या. दोघींनी दगड मारले असंही मी ऐकलं, सिस्टरांनी ते कबूल केलं नाही. कल्पनाच्या घरी त्या तीनदा गेल्या. तीनदा घरच्यांनी दार लावून घेतलं.

२००४ साली पावसाळा संपता संपता त्यांना ताप आला. मी दासगावला गेले तेव्हा उठून बसल्या होत्या, पण आवाज खोल गेला होता. म्हणाल्या, "समद्या झाल्या गो, येक कल्पी राह्यली. तिला तू सांग." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

वरच्या वाड्यांतली माणसं दर्शनाला उतरली होती. शंभरेक तरी असतील. बायका, त्यांची मुलं, म्हातारे. ज्यांनी ओंजळीत वरून पाणी ओतलं त्यांच्यातल्याही काही होत्या आणि त्या दिवशी त्यांनी सिस्टरांच्या घरचा चहा कपातून घेतला. लोक म्हणाले, बघा, माणसं बदलतात. मला त्यांचं काडीचं कौतुक वाटलं नाही. तो चहा सिस्टर हातात कप देऊ शकत होत्या तेव्हा घ्यायचा होता.

आणि मी काय केलं? मी कल्पनाकडे गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. तिच्यासमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. मग कळलं की तिचं लग्न झालं, मुंबईकडे दिली, लांबच्या माणसांत. मी स्वतःला समजावलं की आता पत्ताही माहीत नाही. जगावर ओरडणारी बाई मी, आणि जिथे जाऊन चार शब्द बोलायचे होते तिथे माझी दातखीळ बसली.

२००८ च्या मे महिन्यात ती दुकानात आली. मी ओळखलं नाही आधी. अंगाने भरली होती, कडेवर दीडेक वर्षाचा मुलगा. तिने त्याला काउंटरवर बसवलं आणि त्याचा सदरा वर केला. पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर निळे-काळे डाग. रांगायला लागल्यापासून येतात, म्हणाली. सासरचे म्हणतात मी चिमटे काढते.

"डॉक्टर विचारतो, घरात आधी कुणाला असं होतं का," ती म्हणाली. "माझं नाव परत घाला त्या कागदात. मला तो न्यायचाय."

मी मशीन सुरू केलं. सिस्टर गेल्यापासून माझ्याकडे असलेली चौदावी वही काढली. चौकट काढली, रेघ वर तिच्या आईपर्यंत नेली. तिने स्वतःच सांगितलं, आकडा नको, नाव घाला, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. मुलाचं नाव ओंकार. त्याची चौकट काढून मी थांबले. ती स्क्रीनकडेच बघत होती.

"लाल करा," ती म्हणाली.

मी लाल केली. कागद छापून, चिकटवून तिच्या हातात दिला. तिने तो बोटाने खालपासून वरपर्यंत वाचला, एकेक रेघ. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "अजून एक काढा. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला यायचेत. तिला आधी हातात देते." मुलाला कडेवर घेतलं आणि दुसरा कागद निघायची वाट बघत उभी राहिली. "लोक बोलले ते मी नुसती बदनामी समजून चालले. खरं काय ते मला येऊन कुणी सांगितलंच नाही."